चूल नसलेल्याचे अन्न

दर रमजानला आमच्या शाळेतले आम्ही शिक्षक मिळून एक काम करतो. जकातीचे आणि सदक्याचे पैसे एकत्र करायचे, घाऊक बाजारातून आटा, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, खजूर आणायचे आणि पिशव्या भरून गरजू विद्यार्थ्यांच्या घरी पोहोचवायच्या. यादी वर्गशिक्षक करतात. काही वर्षांपूर्वी या यादीत सहावीतला एक मुलगा होता. आई वारलेली, गाव उत्तर प्रदेशात, बाप इथे भिवंडीत लूमवर. पिशवी दिली. चौथ्या दिवशी आमच्यापैकी एकाला तीच पिशवी नाक्यावरच्या किराणा दुकानात दिसली. पिशव्यांवर आमच्याच मुलांनी चांद-तारे काढले होते, म्हणून ओळखू आली. मुलाच्या बापाने ती निम्म्या किमतीत विकली होती.

शिक्षकदालनात त्या दिवशी फार बोलणे झाले. लोकांच्या जकातीचा पैसा, आणि हा माणूस बाजारात विकतो! पुढच्या वर्षी नाव काढून टाका, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. वर्गशिक्षिकांनी मात्र बापाला बोलावून घेतले. तो रात्रपाळी संपवून आला. केसांत कापसाचा बारीक भुसा अडकलेला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाजी, आटा कच्चा आहे. मी तो शिजवू कुठे?"

मग कळले ते असे. एका खोलीत आठ माणसे पाळीने झोपतात. खोलीचा मालक शेगडी पेटवू देत नाही. बाप-लेक दोघेही भिस्सीत जेवतात. दोन महिने लूमला पुरते काम नव्हते, भिस्सीचा हिशेब थकला होता. पिशवी विकून आलेले पैसे त्याने भिस्सी चालवणाऱ्या खालाच्या हातात ठेवले होते. "चोरी नाही केली, बाजी," एवढे म्हणून तो झोपायला निघून गेला.

ज्यांना भिस्सी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. भिवंडीत यंत्रमागावर काम करायला बाहेरून आलेला कामगार बायको-मुलांशिवाय राहतो. बारा-बारा तासांची पाळी, त्यामुळे स्वयंपाकाला ना वेळ, ना जागा. अशांची खानावळ म्हणजे भिस्सी. बहुधा घरातच चालते. दोन वेळचे जेवण उधारीवर, आणि पगार झाला की हिशेब. हजारो कामगारांची चूल म्हणाल तर ती हीच.

त्या बापाच्या एका वाक्याने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो आमच्या शाळेपुरता नाही. गरिबाला मदत कच्ची द्यावी की शिजलेली? आणि शिजलेली द्यायची तर हॉटेलवाल्याने, खानावळवाल्याने, भिस्सीवाल्या खालाने सरकारची मदत पैशासारखी घ्यावी का? रेशनचा हक्क वाण्याच्या काट्यावरच संपावा की जेवणाच्या बाकड्यापर्यंत पोहोचावा?

आपल्या देशात अन्नाचा हक्क कायद्यात आला तो २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने. ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. 'एक देश, एक रेशनकार्ड' आल्यावर उत्तर प्रदेशातले कार्ड भिवंडीच्या दुकानातही चालू लागले. ही लहान गोष्ट नाही, आणि तिची थट्टा करणारे आम्ही नव्हे. पण कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे धान्य घेणाऱ्याच्या घरी चूल आहे, भांडे आहे, पाणी आहे, गॅसला पैसे आहेत आणि भाकरी थापणारी एक बाई आहे. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याला ५ किलो गहू म्हणजे नुसते ओझे. तो विकणारच. आणि विकला की आपण त्याला लबाड म्हणणार.

शिक्षक म्हणून आम्हाला या वादाचा निकाल आधीच माहीत असायला हवा होता. १९९५ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहाराची केंद्रीय योजना आली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याला ३ किलो धान्य घरी न्यायला मिळे. हजेरी भरली की तांदळाची पिशवी. तो तांदूळ घरातल्या किती तोंडांत जाई आणि त्या मुलाच्या पोटात किती, हे कोणीच मोजत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिजलेले अन्न द्या. पिशवी गेली, खिचडी आली. मुले एका ओळीत बसून जेवू लागली. आज आमच्या शाळेत दुपारची घंटा झाली की डब्यांचा जो आवाज होतो, त्यामागे हाच विचार आहे की भूक धान्याने भागत नाही, जेवणाने भागते. मुलांसाठी हे मान्य केले, मग मोठ्यांसाठी का नको?

महाराष्ट्राने मोठ्यांसाठी प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. पुढे अनुदान थांबले, केंद्रे बंद पडली आणि बऱ्याच स्टॉलच्या जागांवर दुसरेच धंदे उभे राहिले. मग २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात, आणि जेवणाऱ्याकडून १० रुपये. थाळीचा दर शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. वरचे ४० किंवा २५ रुपये सरकारने केंद्रचालकाला द्यायचे. या केंद्रांत खानावळी होत्या, छोटी हॉटेले होती, महिला बचत गट होते. म्हणजे हॉटेलवाल्याने सरकारी मदत दाम म्हणून घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या राज्याने कागदावर एकदा सोडवला आहे. टाळेबंदीच्या काळात थाळी ५ रुपयांना झाली, आणि २०२१ च्या निर्बंधांच्या काळात काही महिने मोफतही. त्या दिवसांत या थाळीने किती जणांना उभे ठेवले हे आमच्या गावाने पाहिले आहे.

तरीही आमच्यातच याला विरोध करणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे फेकून देण्यासारखे नाही. गणिताचे सर म्हणतात, एका थाळीला सरकारचे ४० रुपये जातात. महिनाभर रोज एक थाळी म्हणजे १२०० रुपये. तेवढ्या खर्चात किती कुटुंबांना धान्य जाईल? बाजी म्हणतात, हॉटेलचे तेलकट खाऊन तब्येत कोण सांभाळणार? आणखी एक सहकारी म्हणतात, खोट्या थाळ्या दाखवून बिले काढणारे निघतील. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्यावर आमचे उत्तर एवढेच की धान्याच्या हिशेबात आपण गॅस धरत नाही, तेल-मीठ धरत नाही आणि बाईची मेहनत तर कधीच धरत नाही. थाळीत हे सगळे धरलेले असते, म्हणून ती महाग दिसते. शिवाय ज्याच्या घरी चूल आहे त्याने हॉटेलात जावे असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो चूल नसलेल्यांचा. लूमवरचा कामगार, नाक्यावरचा मजूर, फुटपाथवर राहणारा, एकटा पडलेला म्हातारा, सरकारी दवाखान्याबाहेर आठ-आठ दिवस बसून राहिलेला रोग्याचा नातेवाईक. यांच्यासाठी धान्य स्वस्त पडते असे म्हणणे म्हणजे आंधळ्याला पुस्तक स्वस्तात देणे.

हाच वाद दूर अमेरिकेतही चालू आहे, आणि तो वाचताना आम्हाला आमचेच शिक्षकदालन आठवले. तिथे गरिबांना अन्नासाठी जी सरकारी मदत मिळते तिला पूर्वी फूड स्टॅम्प म्हणत. २००८ मध्ये तिचे नाव बदलून स्नॅप झाले. रक्कम एका कार्डात जमा होते आणि ठरलेल्या दुकानांत त्या कार्डावर खाण्याचे सामान घेता येते. पण गरम, तयार अन्न घेता येत नाही. भाजलेली कोंबडी गरम ठेवून विकली तर कार्ड चालत नाही. तीच थंड करून बांधून ठेवली तर चालते. भुकेच्या कायद्यात अन्नाच्या उष्णतेला एवढे महत्त्व का? कारण तोच जुना समज, की मदत घेणाऱ्याने घरी शिजवून खावे, हॉटेलात बसणे ही चैन आहे. तरी त्यांनीही एक खिडकी उघडी ठेवली आहे. ज्या राज्याला हवे त्याने वृद्ध, अपंग आणि बेघर यांना हे कार्ड काही ठरावीक हॉटेलांत वापरू द्यावे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये ही सोय राज्यभर केली. तिथेही टीका होते की या हॉटेलांत बर्गरची दुकानेच जास्त. टीका योग्य आहे. पण तिचे उत्तर चांगली हॉटेले यादीत आणणे हे आहे. बेघर माणसाला पुन्हा कच्चा तांदूळ देणे हे नव्हे.

इथवर खर्चाचे आणि सोयीचे बोलणे झाले. खरा प्रश्न आमच्या मते त्याच्या पलीकडचा आहे, आणि तो आम्हाला मोहल्ल्यातल्या मौलानांनी दाखवला.

पिशवी विकल्याची गोष्ट आम्ही त्यांच्यापुढे तक्रार म्हणूनच मांडली होती. आमची जकात अदा झाली की नाही, एवढेच विचारायचे होते. मौलाना हसले. म्हणाले, "सर, तुम्ही पिशवी दिली ना? मग ती त्याची झाली. त्याने स्वतःची वस्तू विकली. तुमची तक्रार कसली?"

मग त्यांनी समजावले. हनफी फिकहमध्ये जकातीला 'तमलीक' लागते. तमलीक म्हणजे घेणाऱ्याला मालक करणे. जकातीच्या नियतीने कोणाला दस्तरखानावर नुसते जेवायला बसवले, तर जकात अदा होत नाही. तेच अन्न त्याच्या हातात दिले, की हे तुझे, खा, ने, कोणाला दे, तर होते. पहिल्या प्रकाराला 'इबाहत' म्हणतात. इबाहत म्हणजे खाण्याची नुसती परवानगी. कफ्फाऱ्यात, म्हणजे शपथ मोडल्याच्या प्रायश्चित्तात, दहा मिस्कीनांना बसवून जेवू घातले तरी चालते. पण तिथेही कुरआनने अट घातली आहे की आपल्या घरच्यांना खाऊ घालतो तशा मध्यम प्रतीचे अन्न असावे. उरलेसुरले नाही.

आम्ही घरी परतताना बराच वेळ कोणी बोलले नाही. पिशवी आम्ही त्या बापाच्या हातात दिली होती, पण मनातून सोडली नव्हती. ती त्याने आम्हाला हवी तशीच वापरावी असे आम्हाला वाटत होते. दान देऊनही मालकी आमचीच. आमच्या रागाने हेच सिद्ध केले की आम्ही खऱ्या अर्थाने दिलेच नव्हते.

सरकारी मदतीला हीच कसोटी लावून पाहावी. शिवभोजनाच्या केंद्रावर जेवणाऱ्याचे नाव आणि फोटो ॲपवर चढवावा लागे. खोट्या थाळ्या रोखायला हे केले, हे आम्हाला समजते. पण ताटावर बसलेल्या माणसाचा फोटो काढणे ही हिशेबाची एकच रीत आहे का? कुरआनात अशा गरजूंचा उल्लेख आहे की जे मागत नाहीत, आणि त्यांच्या संकोचामुळे अजाण माणूस त्यांना खाऊन-पिऊन सुखी समजतो. फोटोच्या रांगेतून सगळ्यांत आधी निघून जातो तो हाच माणूस. तो उपाशी राहतो आणि आपल्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

मुंबईत माहीमला दर्ग्याच्या बाजूला काही हॉटेले आहेत. त्यांच्या दारात फुटपाथवर गरीब माणसे रांगेने बसलेली असतात. कोणी येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे देतो, पाच जणांना जेवण, दहा जणांना जेवण. मालक तेवढ्यांना डाळ-रोटी देतो. सवाब देणाऱ्याला, धंदा मालकाला आणि घास भुकेल्याला. या रीतीला नावे ठेवायची आमची हिंमत नाही, तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना जगवले आहे. पण तिथेही दाम देणारा एक आणि उकिडवा बसून वाट पाहणारा दुसरा. त्याच्या हातात निवड नाही. त्याला वांगे आवडते की डाळ, हे त्याला कोणी विचारत नाही.

याच्या उलट पुण्यातले उदाहरण. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. हमाल, रिक्षावाले, मजूर यांना परवडेल अशा दरात साधे, पोटभर जेवण. तिथे जेवणारा दाम मोजून जेवतो. बाकड्यावर बसलेला हमाल कोणाच्या उपकाराखाली नसतो. नावातच सगळे आले. भाकर कष्टाची आहे, खैरातीची नाही.

या दोन उदाहरणांच्या मधला रस्ता आम्हाला हवा आहे. दाम सरकारने द्यावा, पण तो जेवणाऱ्याच्या हातून जावा. कार्ड असो, कूपन असो, ते त्याच्या खिशात असावे. कोणत्या खानावळीत बसायचे, आज जायचे की उद्या, हे त्याने ठरवावे. वरण पातळ असेल तर दुसऱ्या दारात जावे. गिऱ्हाईक असण्याचा अर्थ हाच, की नाराज होऊन उठून जाता येते. कोणी म्हणेल, मग रोख पैसेच का देत नाही? द्यावेत, आमची हरकत नाही. २०१५ मध्ये चंदीगड आणि पुद्दुचेरीत धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याचा प्रयोग सुरू झालाही होता. पण डाळीचा भाव चढतो तेव्हा खात्यातली ठरलेली रक्कम आपोआप चढत नाही. एका जेवणाचे कूपन जेवणच राहते.

आता हॉटेलवाल्याकडे वळू. त्याने हे कूपन घ्यावे का? आमचे उत्तर, घ्यावे. सक्तीने नव्हे, पण आपल्या धंद्याचा मान म्हणून. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात हॉटेलांचा आणि उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला तिथे मज्जाव करता येणार नाही. घटनाकारांना हॉटेलचे नाव लिहावेसे वाटले, कारण वेगळी कपबशी आणि दाराबाहेरचे बाकडे त्यांनी पाहिलेले होते. गरिबी हा शब्द त्या यादीत नाही. पण कूपनवाल्यासाठी वेगळी वेळ, वेगळे ताट, मागचे दार ठेवले तर ती जुनी कपबशीच परत आली असे समजावे. म्हणून पहिली अट ही की ताट तेच आणि बाकडे तेच.

दुसरी अट सरकारसाठी. शिवभोजन केंद्रांची बिले थकल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. भिस्सीवाल्या खालाकडे भांडवल किती? ती आज किराणा उधार आणते, उद्या वाढते. तिचे बिल सहा महिने अडले तर ती एक तर भाजीत पाणी वाढवील, नाही तर कूपनवाल्याला 'जेवण संपले' म्हणेल. मग आपण म्हणू, बघा, बाई बेइमान निघाली. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. सरकारलाही ती लागू आहे. चोरी पकडायची तर जेवणाऱ्याचा फोटो काढण्याआधी खानावळीची किराणा बिले तपासावीत. त्यात कोणाची अब्रू जात नाही.

आमच्या शाळेची गोष्ट पुरी करून थांबतो. पुढच्या रमजानला यादी झाली तेव्हा त्या मुलाचे नाव काढले नाही. मौलानांना विचारून आम्ही त्या बापाला पिशवीऐवजी रोख रक्कम दिली. पाकीट देताना काय करायचे त्याचे, हे सांगितले नाही. गणिताच्या सरांना ते पटले नव्हते. "यांनी उडवले तर?" असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, उडवील कदाचित. मालक केले म्हणजे तेवढी जोखीम आलीच.

ईदनंतर भिस्सीवाली खाला तिच्या नातवाच्या दाखल्यासाठी शाळेत आली होती. सहज विषय निघाला. म्हणाली, "दोन महिन्यांचे एकदम देऊन गेला. वर म्हणाला, खाला, आज मुलाला अंडाकरी वाढ, पैसे यातच धर."

अंडाकरी आमच्या यादीत कधीच नव्हती. पिशव्या भरताना आम्ही सगळा विचार केला होता, किती आटा, किती डाळ, किती खजूर. एका मुलाला एखाद्या दिवशी अंडाकरी खावीशी वाटेल, हे फक्त त्याच्या बापाला सुचणार होते. त्यासाठी त्याच्या हातात दाम आणि समोर एक बाकडे असणे एवढेच हवे होते.